हॉलमार्क सोन्याला असतो, वेबसाइटला?

प्रिय ताई,

माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. बँकेतून हेड कॅशिअर म्हणून रिटायर झाले. बारा वर्षं शुगर आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांना मोबाइलवर एक वेबसाइट सापडली. तिथून त्यांनी सहा हजारांची पावडर मागवली आणि सकाळची गोळी आपल्या मनानं अर्धी करून टाकली. घरात कुणी बोललं की मोबाइल पुढे करतात, "हे बघ, सर्टिफाइड आहे." पानाच्या तळाशी खरंच पाच शिक्के आहेत. दागिन्याला हॉलमार्क असतो, कुकरला आयएसआय असतो, तसं आरोग्याच्या वेबसाइटला काही असतं का? असेल तर कोणता शिक्का खरा मानायचा? वेबसाइटचा पत्ता आणि स्क्रीनशॉट सोबत पाठवलाय. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्राचाही ते दाखला देतात.

एक सून, सांगली

*

सांगलीच्या सूनबाई,

शिक्क्यांचं नंतर बघू. आधी गोळीचं.

उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि एचबीएवनसी अशा तिन्ही तपासण्या याच आठवड्यात करून घ्या. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगते, त्यामुळे दोन महिन्यांची अर्धी गोळी तिच्यापासून लपत नाही. रिपोर्टबरोबर ती पावडरही डॉक्टरांकडे न्या, डब्यासकट. ओरडतील म्हणून डबा घरी ठेवू नका. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या शुगरच्या पावडरींमध्ये नेहमीच्या इंग्लिश गोळ्याच कुटून मिसळल्याचे प्रकार वेगवेगळ्या देशांतल्या औषध नियंत्रकांनी पकडले आहेत. तसं काही यात असेल आणि वरून मामंजींची गोळीही चालू असेल, तर शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध वाटलं, तर शुद्धीवर असतील तेव्हाच दोन-तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि डॉक्टरांना फोन करा. गोळी पुन्हा पूर्ण सुरू करायची का, हे मी सांगणार नाही, तुम्हीही ठरवू नका. ते आकडे बघून डॉक्टरांनी सांगायचं.

आता तुमचा प्रश्न. असा शिक्का होता.

मी तीसेक वर्षं एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत काढली, त्यामुळे हा शिक्का जन्माला येताना, नावारूपाला येताना आणि जाताना, तिन्ही वेळा पाहिलाय. १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. आपण अजून मोडेमची कुरकुर ऐकत होतो, तेव्हा पुढच्याच महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला काही डॉक्टर आणि संगणकवाले एकत्र बसले होते. त्यांच्यापुढचा प्रश्न असा, की उद्या कुणीही आजारावर काहीही लिहील आणि ते जगभर वाचलं जाईल, तर वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं? त्यातून 'हेल्थ ऑन द नेट फाउंडेशन' उभी राहिली आणि १९९६ मध्ये त्यांनी आठ तत्त्वांची एक आचारसंहिता काढली, 'हॉनकोड'. जी वेबसाइट ही तत्त्वं पाळते, तिनं तसा अर्ज करायचा, फाउंडेशनच्या माणसांनी ती तपासायची, आणि मग त्यांचा शिक्का पानावर लावायचा. पुढे जगभरातल्या हजारो वेबसाइटांवर तो दिसायला लागला. फ्रान्सच्या सरकारी आरोग्य प्राधिकरणानं तर काही वर्षं तिथल्या वेबसाइटा तपासायचं काम याच संस्थेकडे दिलं होतं.

त्या शिक्क्याचा अर्थ मात्र बहुतेकांनी चुकीचा लावला. मीही लावला. या पानावरची माहिती बरोबर आहे, असं तो कधीच सांगत नव्हता. हे पान कुणी लिहिलं, कशाच्या आधारावर लिहिलं, कधी लिहिलं, पैसा कुणाचा आणि जाहिरात कुठली हे इथे उघड मांडलेलं आहे, एवढीच त्याची ग्वाही. म्हणजे दुकानदारानं परवाना आणि भावफलक भिंतीवर लावलाय, इतकंच. डाळीत खडे आहेत का, हे त्यावरून कळत नाही.

माझी फजिती सांगते. लायब्ररीतल्या एका सहकाऱ्याच्या आईचे गुडघे फार दुखत होते. मी मोठ्या तोऱ्यात एका वेबसाइटचं नाव दिलं, "शिक्का आहे, डोळे झाकून वाचा." दोन आठवड्यांनी तो सहकारी माझ्या टेबलाशी आला, म्हणाला, "मॅडम, मी शिक्क्यावर क्लिक केलं. मुदत तीन वर्षांपूर्वीच संपलीये." खऱ्या शिक्क्याची गंमतच ती होती. तो नुसतं चित्र नसायचा. त्यावर क्लिक केलं की जिनिव्हाच्या संस्थेच्या पानावर जाऊन त्या वेबसाइटचं प्रमाणपत्र उघडायचं, मुदतीसकट. मी इतकी वर्षं इतरांना हे शिकवत होते आणि स्वतः एकदाही क्लिक केलं नव्हतं.

१५ डिसेंबर २०२२ ला ती संस्था कायमची बंद झाली. त्यामुळे आज कुठल्याही वेबसाइटवर तो शिक्का दिसला, तर ती बंद पडलेल्या दुकानाची पावती समजा. लावणारा लबाडच असेल असं नाही. कधीकाळी रीतसर मिळालेला असेल, काढायचा राहून गेला असेल. पण त्याच्यामागे उभं राहणारं आता कुणी नाही.

त्याच्या जागी काय आलं? इंग्लंडमध्ये २०२० पासून 'पिफ टिक' नावाची खूण आहे, रुग्णांसाठी माहिती तयार करणाऱ्या संस्थांना त्यांची पद्धत तपासून ती देतात. अमेरिकेत 'युरॅक' ही संस्था आरोग्याच्या वेबसाइटांना मान्यता देत आली. आपल्याकडे खासगी आरोग्य वेबसाइटांसाठी आयएसआयसारखा सरकारी शिक्का नाही. तेव्हा 'भारत सरकार प्रमाणित आरोग्य वेबसाइट' असं कुठे दिसलं, तर तिथेच थांबा.

तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट मी चष्मा पुसून बघितला. पाच शिक्के डावीकडून घेते.

पहिला, '१००% नॅचरल', हिरवं पान. हा कुणीच दिलेला नाही, घरी काढलेला आहे. नॅचरल तर धोतराही असतो. दुसरा जीएमपी. हा कारखान्याच्या उत्पादनपद्धतीशी संबंधित. खरा असला तरी त्याचा अर्थ पावडर स्वच्छ जागी, ठरलेल्या रीतीनं भरली, इतकाच. तिनं शुगर उतरते का, हा त्याचा विषय नाही. तिसरा आयएसओ, तोही त्याच जातीचा, कंपनीच्या कामकाजाचा. चौथा एफएसएसएआय, त्याखाली चौदा आकडी नंबर. हा फार महत्त्वाचा, आणि तो त्यांच्याच विरोधात जातो. एफएसएसएआयचा परवाना खाद्यपदार्थाचा असतो. म्हणजे कायद्याच्या लेखी ती पावडर औषध नसून खाणं आहे, आणि खाण्याच्या वस्तूला 'मधुमेह मुळापासून बरा' म्हणायची परवानगी नाही. आयुर्वेदिक औषध असतं, तर डब्यावर औषध म्हणून उत्पादन परवान्याचा नंबर असता. डबा हातात घेऊन बघा, बहुधा सापडणार नाही. पाचवा शिक्का आपला जिनिव्हाचा. मी त्यावर क्लिक केलं. काही झालं नाही. दुसऱ्या कुठल्यातरी वेबसाइटवरून उचलून चिकटवलेलं ते नुसतं चित्र आहे, कडा फाटलेल्या दिसतात.

राहता राहिलं पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप. मामंजी त्याचाही दाखला देतात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तुमचा मोबाइल आणि ती वेबसाइट यांच्यामधलं बोलणं वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढाच त्या कुलपाचा अर्थ. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे का, हे ते सांगत नाही. आणि पत्त्याच्या शेवटी डॉट ऑर्ग आहे म्हणून संस्था धर्मादाय ठरत नाही, ते कुणालाही विकत मिळतं. डॉट जीओव्ही डॉट इन मात्र फक्त सरकारी खात्यांना मिळतं.

मग पान कसं पारखायचं? ती आठ तत्त्वं संस्थेबरोबर मेली नाहीत, ती कुणीही वापरावीत. सगळी आठ मोजून दाखवत नाही, या वेबसाइटवर जी लागू पडली तेवढी सांगते.

लिहिणारा कोण? 'आमच्याविषयी' या पानावर 'अनुभवी डॉक्टरांची टीम' आहे आणि गळ्यात स्टेथोस्कोप घातलेले तिघे हसताहेत. नाव एकाचंही नाही. यातल्या मधल्या गृहस्थांना मी दातांच्या दवाखान्याच्या एका फलकावरही पाहिलंय, विकत मिळणारा फोटो आहे तो. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-इंटरनेटवरून उपचार करण्याच्या, नियमांनुसार डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, पावतीवर आणि वेबसाइटवरही द्यायचा असतो. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आयुर्वेदाच्या वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. नाव आणि नंबर मिळाला की पडताळता येतो. नावच नसेल तर पडताळायचं काय?

तारीख कोणती? पानावर लिहिलंय 'शेवटचा बदल: आज'. मी मंगळवारी बघितलं, गुरुवारी बघितलं, दोन्ही दिवशी 'आज'च होतं. आधार कोणता? 'अमेरिकेतल्या संशोधनात सिद्ध'. कुठल्या गावी, कुणी, किती जणांवर, काही नाही. १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलनं इंटरनेटवरच्या माहितीसाठी चार साध्या कसोट्या छापल्या होत्या: लेखक, आधार, मालकी आणि तारीख. हे पान चारही विषयांत नापास.

ऑक्सफर्डमध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'डिसर्न' नावाची सोळा प्रश्नांची एक चाचणी तयार झाली, उपचारांविषयी लिहिलेली माहिती पारखायला. त्यातले दोन प्रश्न मला फार आवडतात. एक, या मजकुरात जिथे खात्री नाही तिथे तसं कबूल केलंय का? दोन, काहीच उपचार घेतला नाही तर काय होईल, हे सांगितलंय का? माल विकणारा या दोन्हींच्या वाटेला जात नाही. त्याला सगळंच ठाऊक असतं आणि उपचार न घेण्याचा पर्याय त्याच्या दुकानात नसतो. चांगल्या दवाखान्याचं माहितीपत्रक उघडा, 'काहींना गुण येतो, काहींना येत नाही, नेमकं कारण समजलेलं नाही' असं वाक्य सापडेल. हे वाचून लोक नाराज होतात. मला मात्र तिथूनच त्या पानाविषयी भरवसा वाटायला लागतो.

पैसा कुणाचा? इथे तर प्रश्नच नाही, लेख आणि 'आत्ताच मागवा'चं बटण एकाच पानावर. जाहिरात लेखापासून वेगळी ओळखू आली पाहिजे, हे आठातलं एक तत्त्व. इथे लेखच जाहिरात आहे. सगळ्यात खाली, राखाडी अक्षरांत, इंग्रजीत लिहिलंय की हे उत्पादन कुठल्याही आजाराचं निदान, उपचार किंवा निवारण करण्यासाठी नाही. वर मराठीत ठळक 'शुगर मुळापासून', खाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत माघार. मामंजींना ती ओळ मोठी करून, मराठीत वाचून दाखवा.

आणि गुप्तता. त्या पानावर 'मोफत सल्ला' नावाचा फॉर्म आहे: नाव, मोबाइल, वय, शुगर किती. मी भरला. वय खरं लिहिलं, उपाशीपोटीची शुगर ९२ लिहिली, म्हणजे अगदी नॉर्मल. चाळीस मिनिटांत फोन. एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "काकू, ९२ म्हणजे सुरुवात झालीये, आत्ताच तीन महिन्यांचा कोर्स घेतलात तर वाचाल." मी विचारलं, तुम्ही डॉक्टर का? म्हणाली, "हेल्थ एक्सपर्ट." मामंजींनी हा फॉर्म भरलाच असणार, सहा हजार असे सहज जात नाहीत. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, पण आपण आपल्या हातानं फॉर्मात भरलेला आकडा परत मागवणं अवघडच. यापुढे भरू नका, आणि ते नंबर त्यांच्या मोबाइलवर ब्लॉक करून ठेवा.

आता मामंजींशी बोलायचं कसं. "तुम्हाला फसवलं" हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नका. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या नोटा मोजल्या, त्याला नातवंडांसमोर फसलेला ठरवलंत, तर तो हट्टानं दुसरा डबा मागवेल. त्यांना कामाला लावा. बँकेत चेक आला की ते काय करायचे? सही नमुन्याच्या सहीशी ताडून बघायचे. चेकवर सही आहे, एवढ्यावर पैसे दिले नसतील त्यांनी कधी. सासूबाईंची एखादी अलीकडची हॉलमार्कची बांगडी काढा, त्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळखक्रमांक, म्हणजे एचयूआयडी, त्यांनाच भिंगातून वाचायला सांगा आणि सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. सराफाची नोंद, शुद्धता, सगळं समोर येतं. मग त्याच मोबाइलवर त्या वेबसाइटच्या पाचव्या शिक्क्यावर बोट ठेवायला सांगा. पुढे काही बोलू नका. चहा ठेवा.

वाचायची सवय चांगली आहे, ती मोडू नका, फक्त पानं बदला. जागतिक आरोग्य संघटना, इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची वेबसाइट, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं 'मेडलाइनप्लस', जे १९९८ पासून चालू आहे आणि ज्यावर जाहिराती नसतात. मधुमेहासाठी आपल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत, पण ती डॉक्टरांसाठी लिहिलेली, जड जातील. हे बहुतेक इंग्रजीत, आणि तीच खरी अडचण. मराठीत शुगरवर शोधलं की पहिल्या पानावर पावडर, दुसऱ्यावर काढा आणि तिसऱ्यावर मंत्र. रुग्णाला समजेल अशी माहिती मोफत मिळावी म्हणून १९९७ मध्ये मुंबईत 'हेल्प' नावाचं ग्रंथालय निघालं होतं, तेव्हा आम्हा लायब्ररीवाल्यांना वाटलं होतं की आता जिल्ह्याजिल्ह्यात असं काही होईल. असो. मामंजी यूट्यूबवर बघत असतील तर काही व्हिडिओंच्या खाली, बोलणारा नोंदणीकृत डॉक्टर आहे किंवा व्हिडिओ मान्यताप्राप्त संस्थेचा आहे, अशी पट्टी दिसते. पट्टी वाचायची सवय लावा. आणि ती पट्टीसुद्धा माणसाविषयी बोलते, त्या व्हिडिओतल्या प्रत्येक वाक्याविषयी नाही.

तक्रार करायची असेल तर जरूर करा. १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या यादीत ५४ आजार आहेत आणि मधुमेह त्यात आहे. बरा करू म्हणून औषधाची जाहिरात केली, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "आमची वस्तू औषध नाही, खाणं आहे" अशी पळवाट ते काढतीलच, पण खाण्याच्या कायद्यातही अशा दाव्याला जागा नाही, म्हणजे दोन्हीकडून अडकतात. पानाचे स्क्रीनशॉट तारखेसकट, डब्याचे चारही बाजूंनी फोटो आणि पैसे भरल्याची नोंद घेऊन जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्ज द्या. पैशांसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. सहा हजार परत मिळतील अशी आशा लावत नाही. पण अर्ज मामंजींच्या हातून लिहून घ्या. कॅशिअरचं अक्षर सुवाच्य असतं आणि आकडे चुकत नाहीत.

रिपोर्ट आले की कळवा. शुगर किती निघाली तेही लिहा, मी कुणाला विकणार नाही.

तुमची,
ताई

ता. क. त्या गोड आवाजाच्या मुलीचा काल पुन्हा फोन आला होता. ऑफर फक्त शनिवारपर्यंत आहे म्हणाली. मागच्या शनिवारीही तेच म्हणाली होती.